खाऱ्या पाण्याच्या गावात राहून, उन्हात प्रवास करून रोज नीटनेटके कसे राहावे?

प्रश्न : पूर्णाकाठची लेक

सर्वांना नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात राहते. माझे वय ३१ वर्षे आहे. मागील वर्षापासून महिला बचतगटांचे हिशेब पाहण्याचे काम माझ्याकडे आले असून त्यासाठी आठवड्यातून चार दिवस स्कूटीने १६ किलोमीटर दूर बँकेत आणि पंचायत समितीत जावे लागते. उरलेले दिवस घरच्या वावरात जातात आणि सध्या कापसाची वेचणी सुरू आहे.

आमच्या बोअरचे पाणी खारे आहे. त्या पाण्याने केस धुतले की ते सुतळीसारखे राठ होतात. गेल्या दोन उन्हाळ्यांपासून माझ्या दोन्ही गालांवर तपकिरी डाग पडले आहेत. आठवडी बाजारातील एका दुकानदाराने त्यासाठी एक लहान ट्यूब दिली आहे. ती मी आठ दिवसांपासून रात्री लावते. चेहरा उजळल्यासारखा वाटतो, परंतु उन्हात गेले की चुरचुर होते. कपड्यांचे म्हणाल, तर घरून नीट नेसून निघालेली साडी बँकेत पोहोचेपर्यंत चुरगळते आणि तिच्यावर धूळ बसते.

मागील महिन्यात एका बैठकीत मला मजूर समजून मागे उभे राहण्यास सांगितले गेले. मी वावरात राबते याची मला लाज नाही. तरीही हिशेबाची वही हातात असताना माझे म्हणणे लोकांनी ऐकावे, एवढे नीटनेटके दिसावे असे मनापासून वाटते. महिन्याला ४०० रुपयांपेक्षा जास्त खर्च करता येणार नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त परिचारिका, वरुड

ताई, सर्वांत आधी ती ट्यूब आज रात्रीपासून बंद करा आणि तिच्यावरील घटकांची नावे येथे लिहून कळवा. ग्रामीण रुग्णालयात नोकरी करताना मी अशा ट्यूबमुळे चेहरा बिघडलेल्या कितीतरी मुली पाहिल्या आहेत, म्हणून इतक्या निकडीने सांगते आहे.

गालांवर दोन्ही बाजूंनी सारखे उमटलेले तपकिरी डाग बहुधा वांगाचे असतात. उन्हामुळे, तसेच गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांमुळे वांग येतो. उन्हापासून बचाव केल्याशिवाय कोणतेही औषध त्यावर टिकून लागू पडत नाही. त्यामुळे तुमच्या ४०० रुपयांतील पहिला वाटा एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचे माप) ३० किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन घेण्यासाठी ठेवा. एसपीएफ ३० चे सनस्क्रीन त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवते, मात्र त्यासाठी ते पुरेसे लावावे लागते. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा चेहऱ्याला आणि मानेला मिळून लागतात. आपल्याकडे बायका हरभऱ्याएवढे घेऊन पुसतात आणि मग उपयोग होत नाही असे म्हणतात. घरून निघण्याच्या १५ ते २० मिनिटे आधी लावा आणि उन्हातच काम असेल तर दोन तासांनी पुन्हा लावा.

चारशे रुपयांत रोज इतके सनस्क्रीन पुरणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून ते बँकेच्या दिवसांसाठी ठेवा आणि वावरात दुपट्ट्यावर विसंबा. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती दुपट्टा दुहेरी करून कपाळापासून हनुवटीपर्यंत गुंडाळला तर तो उत्तम आडोसा देतो, आणि आपल्या भागातील मुली मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना याच दुपट्ट्याच्या आधाराने प्रवास करतात. तो दुपट्टा मात्र रोज धुतलेला असावा, कारण घाम आणि धूळ मुरलेले तेच कापड पुन्हा गालांवर घासले की पुरळ येते.

उत्तर : अकोटची सून

मी मूळची नागपूरची. लग्नानंतर खारपाणपट्ट्यात आले तेव्हा पहिल्या वर्षी मीसुद्धा केसांसाठी रडले आहे, म्हणून तुमचा प्रश्न वाचून राहवले नाही. आपल्या पूर्णा खोऱ्यातील अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या या पट्ट्यात भूजलच खारट आहे. त्या पाण्याचा जडपणा चुना आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे येतो. साबण लावला की तो या क्षारांशी मिळून न विरघळणारा चिकट थर तयार करतो आणि तोच केसांवर बसतो. बादलीच्या कडेला जी पांढरट रेघ उमटते, तिच्यासारखाच थर केसांवर असतो असे समजा.

त्यामुळे डोक्याला अंगाचा साबण मुळीच लावू नका. साधा शाम्पू घ्या. जड पाण्यात शाम्पूचा असा थर बसत नाही. लहान पुडी एका तांब्यात पाणी घेऊन त्यात फेसून मग टाळूला लावली तर एका पुडीत दोनदा डोके धुता येते. धुणे खाऱ्या पाण्याने करा, परंतु शेवटचे दोन तांबे नळाच्या गोड्या पाण्याचे असू द्या. नळ दिवसाआड येत असला तरी डोके धुण्याच्या दिवसासाठी एक कळशी झाकून ठेवणे अवघड नाही. पावसाळ्यात पहिले एक-दोन पाऊस पडून पत्रे धुतले गेले की पन्हाळीखाली स्वच्छ टाकी ठेवा. त्या पाण्याने धुतलेले केस हातात घेऊन पाहिले म्हणजे फरक सांगावा लागत नाही.

खोबरेल तेल धुण्याच्या आदल्या रात्री किंवा निदान तासभर आधी लावावे. हे तेल केसांच्या आत शिरते, त्यामुळे धुताना केसांची होणारी झीज कमी होते. मात्र तेल लावून तेलकट डोक्याने धुळीच्या रस्त्यावर स्कूटी चालवू नका, त्या धुळीचा अक्षरशः लेप बसतो. प्रवासात सैलसर वेणी घालून ती दुपट्ट्याच्या आत घ्या, म्हणजे गुंता होत नाही. ओले केस घट्ट बांधण्याची आपली सवयही सोडावी, कारण ओला केस लवकर तुटतो.

उत्तर : मोर्शीची गृहिणी

इतक्या खटाटोपाची गरज नाही असे माझे मत आहे. माझी आई लिंबाचा रस आणि बेसन चेहऱ्याला लावत असे. डागांवर लिंबाची फोड चोळावी, महिन्याभरात डाग जातात. विकतच्या वस्तूंपेक्षा घरचे केव्हाही चांगले.

उत्तर : निवृत्त परिचारिका, वरुड

मोर्शीच्या ताईंचा हेतू चांगला आहे, परंतु लिंबाच्या बाबतीत मला स्पष्टपणे असहमत व्हावे लागेल. लिंबाच्या रसातील, आणि विशेषतः सालीतील काही द्रव्ये त्वचेवर राहून ऊन लागले तर त्वचा भाजल्यासारखी लाल होते, कधी फोडही येतात, आणि ती जागा पुढे कित्येक आठवडे काळी राहते. वांग असलेल्या आणि रोज उन्हात जाणाऱ्या बाईने चेहऱ्यावर लिंबू चोळणे म्हणजे डागावर डाग चढवणे होय. बेसन आणि दही यांना माझा विरोध नाही. आठवड्यातून एकदा हलक्या हाताने लावून धुवावे, खरखरीत घासू नये.

पूर्णाकाठची लेक

परिचारिका काकू, ट्यूबवरील बारीक अक्षरे मुलाकडून वाचून घेतली. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी तीन नावे आहेत. हे वाईट आहे का?

उत्तर : निवृत्त परिचारिका, वरुड

मला हीच शंका होती. ही तिन्ही औषधे खरी आहेत आणि त्वचारोगतज्ज्ञ वांगावर ती ठरावीक आठवड्यांसाठी, स्वतःच्या देखरेखीखाली देतातही. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. २०१८ मध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखी स्टेरॉइड असलेली मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असा नियम केंद्र शासनाने केला. तरीही ती बाजारात गोरेपणाची क्रीम म्हणून हातोहात दिली जातात. पहिले काही आठवडे चेहरा खुलतो आणि बाई खूश होते. पुढे त्वचा पातळ पडते, लाल शिरा दिसू लागतात, गालांवर लव आणि पुरळ येते, आणि क्रीम सोडले की चेहऱ्याची आग होते म्हणून ती पुन्हा लावते. ट्रेटिनॉइनमुळे त्वचा उन्हाला अधिक हळवी होते, तुमची चुरचुर बहुधा त्यामुळेच आहे. आठच दिवस झाले आहेत, त्यामुळे घाबरू नका. ट्यूब बंद करा, साधे मॉइश्चरायझर लावा आणि जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात एकदा दाखवून या. जाताना ती ट्यूब सोबत न्या.

ज्या क्रीमवर घटक, उत्पादकाचा पत्ता किंवा परवाना क्रमांक यांपैकी काहीच छापलेले नसते, त्यांचा धोका याहूनही मोठा असतो. सौंदर्यप्रसाधनांत पारा घालण्यास आपल्या देशात बंदी आहे, तरी अशा क्रीममध्ये तो सापडतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. आपल्या घरातील आणि गटातील प्रत्येक मुलीला हे सांगा.

केसांविषयी एक गोष्ट राहिली. दिवसाला ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. त्याहून जास्त गळत असतील आणि जिना चढताना दम लागत असेल तर उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर कोणत्याही तेलाआधी लोहाच्या गोळ्या आणि ताटात पालेभाजी, तीळ व उसळ हवी. गोळीनंतर लगेच चहा घेऊ नका, त्यामुळे लोह अंगी लागत नाही.

उत्तर : शिवणकाम करणारी, परतवाडा

कपड्यांविषयी मी लिहिते, गेली २२ वर्षे मी हेच काम करत आहे.

तुम्हाला नव्या साड्यांची गरज नाही, नीट बसणाऱ्या ब्लाउजची आहे. साडी साधी असली तरी खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर बसली, मुंढा (बाही जोडतात ती जागा) ओढला गेला नाही आणि गळा मागे सरकत नसेल तर बाई आपोआप ताठ बसते. उलट दोन हजारांची साडी असून खांदा उतरत असेल तर तिचा हात सतत पदराकडे जातो आणि समोरच्याला ती अवघडलेली दिसते. काळा, मरून आणि मोहरी या तीन रंगांचे कोपरापर्यंत बाहीचे सुती ब्लाउज शिवून घ्या, बहुतेक साड्यांवर त्यांतील एखादे चालतेच, आणि लांब बाहीने उन्हापासून हातही वाचतात. शिवायला देण्यापूर्वी सुती कापड आणि अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, अन्यथा पहिल्या धुण्यात ते आटते. शिंपीणबाईंना बाजूच्या शिवणीत निदान एक इंच माया (आत दुमडलेले जादा कापड) ठेवण्यास आवर्जून सांगा, म्हणजे अंग भरले तरी तेच ब्लाउज उसवून वापरता येते.

चुरगळण्यासाठी उपाय असा, की बँकेच्या दिवशी निव्वळ सुतीऐवजी सुती-पॉलिएस्टर मिश्रणाची, बारीक नक्षीची साडी नेसा. उन्हाळ्यात ती अंगाला उकडते, त्यामुळे मार्चपासून मात्र सुतीच बरी. सुती साडीला भाताच्या पातळ पेजेची खळ द्यावी आणि किंचित ओलसर असताना घडी करून गादीखाली ठेवावी, इस्त्री नसली तरी ती सपाट होते. एकरंगी साडीवर धूळ लगेच दिसते, बारीक नक्षीत ती लपते. स्कूटीवर पदर मोकळा ठेवू नका. तो कमरेला खोचून पिन लावा, कारण चाकात पदर अडकून झालेले अपघात मी जवळून पाहिले आहेत. सलवार-कुर्ता नेसण्यास घरून हरकत नसेल तर प्रवासासाठी तोच सर्वांत सोयीचा, आणि त्याला बाजूला खिसा अवश्य शिवून घ्या.

पिशवीत एक ओला रुमाल, लहान कंगवा आणि जुने मऊ फडके ठेवा. बँकेच्या दारात चपला पुसून, चेहरा टिपून, वेणी सारखी करून आत जायला दोन मिनिटे पुरतात. बोंडांच्या टोकांनी हातांवर ओरखडे येत असतील तर वेचणीला पातळ सुती हातमोजे घाला. रात्री टाचा कोमट पाण्यात भिजवून वजरीने हलके घासून पेट्रोलियम जेली लावा आणि मोजे घालून झोपा. पंधरा दिवसांत भेगा भरून येतात.

पूर्णाकाठची लेक

सर्वांचे मनापासून आभार. ट्यूब बंद केली आहे. पुढच्या मंगळवारी अमरावतीला दाखवून येईन. आज नळाचे पाणी आले होते, एक कळशी झाकून ठेवली आहे. काकू, एक शेवटची शंका आहे. चिकटवायच्या टिकलीखाली कपाळावर खाज येते आणि तिथे एक फिकट ठिपका पडला आहे. तो वांगाचाच भाग असेल का?

उत्तर : निवृत्त परिचारिका, वरुड

नाही, तो वेगळा प्रकार आहे. काही टिकल्यांच्या गोंदातील एका रसायनामुळे त्या जागेचा रंग कायमचा जाऊ शकतो. आजपासून चिकट टिकली लावू नका. खाज थांबेपर्यंत कपाळ मोकळे ठेवा. नंतर पूर्वीच्या बायका लावत तसे थोडे मेण लावून त्यावर पिंजर टेकवा, ते दिवसभर टिकते. मंगळवारी डॉक्टरांना तो ठिपकाही दाखवा, आणि वापरत असलेल्या टिकल्यांचे पाकीट ट्यूबसोबत पिशवीत टाका.