मदत हवी आहे: मरे की मॅकग्रेगर?

ग्लासगोत आमच्या शेजारी एक आजी राहतात. आडनाव मरे. त्यांच्या घरच्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर मात्र फिकट शाईत 'मॅकग्रेगर' लिहिलंय. त्यावर बोट ठेवून त्या दर वेळी विचारतात, "मग आम्ही कोण?"

१६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याच्या राजवटीत मॅकग्रेगर हे आडनाव लावायलाच बंदी आली. जीव वाचवायला लोकांनी मरे, ग्रँट, कॅम्पबेल अशी नावं घेतली. केवढा अन्याय! बंदी कायमची उठली ती थेट १७७४ मध्ये.

सरकारी जन्मनोंदणी १८५५ पासूनची. तिथवर मी पोचलोय. त्याआधीची चर्चची दप्तरं कशी वाचायची? घराण्याची एक शाखा कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाला गेली म्हणतात, तिचा माग कुठून काढावा? कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा. आजी वाट बघताहेत.