कृत्रिम गुडघ्यात जंतू शिरले की आयुष्यभर गोळ्या: उपचार की टाळाटाळ?

अबोली: बाबा ७८ वर्षांचे. बदललेल्या गुडघ्यात स्टॅफिलोकोकस शिरला. गुडघा उघडून धुतला, सांधा आतच ठेवला. आधी शिरेतून औषध, मग सहा महिने रिफॅम्पिसिन आणि लेव्होफ्लॉक्सॅसिन. लघवी केशरी होईल हे सांगितलं होतं. लेव्होफ्लॉक्सॅसिनने टाचेमागचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुखावू शकतो, क्वचित तुटतोही, आणि साठीनंतर हा धोका वाढतो, हे मात्र बाबा लंगडायला लागल्यावर कळलं. ती गोळी थांबवली. आता कोट्रायमॉक्साझोल हे दुसरं अँटिबायोटिक "चालू ठेवा". किती दिवस? "बघू." माझ्या मते हा उपचार नव्हे, निर्णय पुढे ढकलणं आहे. सांधा काढा आणि मोकळे व्हा.

जुनं_हाड: "काढा" लिहायला दोन अक्षरं लागतात. माझा काढलाय, म्हणून बोलतो. आधी सांधा काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात, काही आठवडे ते काही महिने त्यावर काढायचे, मग दुसरी शस्त्रक्रिया. एवढं करूनही जंतू परत येऊ शकतात. ७८ व्या वर्षी भूल, रक्तस्राव, अंथरुणात पडून राहणं हे काय साइड इफेक्ट नाहीत? धातूवर जंतू चिकट थर करून बसतात, तिथे औषध नीट पोचत नाही. म्हणून कोर्स लांबतो, कुणाची हौस म्हणून नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच डाटिपो चाचणीत सहा आठवडे औषध घेणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांचा संसर्ग टिकून राहिला, बारा आठवडेवाल्यांपैकी ९ टक्क्यांचा.

अबोली: बारा आठवडे आणि आयुष्यभर यात फरक आहे की नाही? तुमची चाचणी ठरावीक कोर्सबद्दल आहे. बाबांना मुदतच दिलेली नाही.

जुनं_हाड: हे मान्य. तो आकडा इथे लागू होत नाही. पण ज्याला शस्त्रक्रिया झेपणार नाही त्याला जंतू दाबून ठेवणं हाच पर्याय उरतो, आणि रोज एक-दोन गोळ्यांवर वर्षानुवर्षं हिंडणारे लोक आहेत.

बधिर_बोटं: मी त्यांच्यात नाही. मला लिनेझोलिड दिलं होतं. ते साधारण २८ दिवसांपर्यंतच वापरायचं औषध, मी आठ आठवडे घेतलं. प्लेटलेट्स घसरल्या, त्या औषध थांबवल्यावर भरून आल्या. पायाची बोटं अजून बधिर आहेत. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. दर आठवड्याला रक्त तपासायला हवं होतं हे मला नंतर कळलं. सांधा वाचला, हो. कुणी विचारलं की मी काय सांगावं?

गोळीवाला: फार्मसिस्ट आहे. इथे सगळे "अँटिबायोटिक" म्हणून एकाच पोत्यात भरतायत. डॉक्सिसायक्लिनने उन्हात कातडी भाजते; ती भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. मिनोसायक्लिन वर्षभर घेतलं तर त्वचेवर निळसर-करडे डाग पडू शकतात. क्लिंडामायसिननंतर सतत पाण्यासारखे जुलाब झाले तर मनाने जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नका, डॉक्टरांना सांगा. रिफॅम्पिसिन तर घेतानाही सतावतं आणि सोडतानाही. वॉरफरिनचा, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा, परिणाम ते कमी करतं म्हणून डोस वाढवतात. रिफॅम्पिसिन बंद केल्यावर तो वाढीव डोस तसाच राहिला तर रक्तस्राव.

जुनं_हाड: मग औषध वाईट नाही, देखरेख नाही असंच ना?

बधिर_बोटं: देखरेख केली असती तरी औषध थांबवावंच लागलं असतं. मग जंतूचं काय? ते सोडून बोलताय तुम्ही.

अबोली: काल बाबांनाच विचारलं. म्हणाले, "एकट्याने बाथरूमला जाता येतंय तोवर मला कापू नका. परत पू झाला तर मग बघू." मला पटलेलं नाही. पण गुडघा त्यांचा आहे.

गोळीवाला: अबोलीताई, एक राहिलं. बाबांना रक्तदाबाची कुठली गोळी आहे? रामिप्रिलसारखी असेल तर कोट्रायमॉक्साझोलबरोबर पोटॅशियम वाढतं, वयस्कांत जास्तच. गोळ्या मनाने बंद करू नका, पण विचारा.

अबोली: रामिप्रिलच. रोज सकाळी. फाईल काढून बसलेय. पोटॅशियमचा शेवटचा कागद चार महिन्यांपूर्वीचा आहे, म्हणजे ही गोळी सुरू व्हायच्या आधीचा. आत्ताच फोन लावते.