एकटीने ट्रेक करताना मन अडून बसतं, तेव्हा काय करता?

प्रश्न
अनेक दिवसांचे ट्रेक मी एकटीच करते. पाय कुरकुरत नाहीत, मन मात्र दुपारनंतर अडून बसतं. त्यात पाऊस आणि न संपणारा चढ असला की झालंच! सोबत कुणी असलं तर थट्टामस्करीत चढ निघून जातो. एकटीला स्वतःचीच रडगाणी ऐकावी लागतात. ‘सकारात्मक राहा’ सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद १
आधी काहीतरी गोड खा. खरंच सांगतोय. तासन्‌तास चढल्यावर स्नायूंमधलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) ओसरतं, रक्तातली साखर उतरली की चिडचिड होते आणि ‘कशाला आलो इथे’ सुरू होतं. गारठ्यात तहानही कळत नाही, त्यामुळे पाणी कमी जातं. मन कुरकुरायला लागलं की मी त्याच्याशी वाद घालत नाही. खाणं, पाणी, कोरडे मोजे, आणि मग बोलू म्हणतो. बहुतेक वेळा बोलण्यासारखं काही उरत नाही.

दुसरं म्हणजे दिवसाचा हिशेब. नुसते किलोमीटर मोजता का? नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला होता: साधारण ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे १५ किलोमीटर आणि १२०० मीटर चढ असेल तर पाच तास, तेही न थांबता. पाठीवर जड सॅक असेल तर त्याहून जास्त. ‘आज मी ढेपाळले’ असं वाटतं तेव्हा अनेकदा हिशेबच चुकलेला असतो.

प्रतिसाद २
ट्रेक सोडायचा की नाही, हे भर चढावर ठरवू नका. मुक्कामी पोचा, जेवा, झोपा. सकाळीही नको वाटलं तर खुशाल परत फिरा, त्यात कमीपणा कसला?

प्रश्नकर्ती
पटलं. पण एकदा खाऊनही हुशारी आली नाही. भिजले होते, कुडकुडत होते आणि नुसतं बसून राहावंसं वाटत होतं.

प्रतिसाद १
मग तो मनाचा प्रश्नच नाही! शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेलं की हायपोथर्मिया, आणि त्याच्या सुरुवातीला असाच निरुत्साह येतो. जीभ अडखळते, पाय ठेचकाळतात. एकट्याला हे सांगणारं कुणी नसतं, म्हणून गारठ्यात मी मधूनमधून जॅकेटची चेन लावून पाहतो. बोटं ऐकत नसतील तर जिद्द गुंडाळून ठेवायची. वाऱ्याचा आडोसा, ओले कपडे बाहेर, खाली मॅट, वर स्लीपिंग बॅग, आणि भान शाबूत आहे तोवरच मदतीला फोन. ऊब न येताच कुडकुडणं थांबलं तर ते बरं वाटण्याचं लक्षण नव्हे, प्रकृती आणखी बिघडल्याचं आहे.

प्रश्नकर्ती
चेनची युक्ती लक्षात ठेवते. मोज्यांचा कोरडा जोड आता सॅकच्या तळाशी न ठेवता वरच्या कप्प्यात.