डुकाटी एमएच९००ई : न चालवलेली घ्यावी की चालवलेली?

घाटवाट (कॉव्हेंट्री)

सप्रेम नमस्कार. कोल्हापुरात वडिलांच्या येझदीवर माझा हात बसला आणि गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये जपानी गाड्या चालवत आलो. आता मात्र डुकाटी एमएच९००ई ही इटालियन मोटारसायकल घ्यावी असे मनाने घेतले आहे. ११ वर्षांच्या खंडानंतर आइल ऑफ मॅन बेटावरच्या मोटारसायकल शर्यतीला परतलेल्या ब्रिटिश शर्यतपटू माइक हेलवूडने १९७८ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी डुकाटीवर शर्यत जिंकली. त्या विजयाच्या स्मरणार्थ पिएर टेरब्लांश यांनी रेखाटलेली या गाडीचे केवळ २००० नग निघाले. सध्या दोन गाड्या समोर आहेत. पहिली ३१० मैल चाललेली, बरीच वर्षे दिवाणखान्यात शोभेला ठेवलेली. दुसरी १४,००० मैलांची, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या असलेली, पण एक्झॉस्ट बदललेली आणि फेअरिंगवर (पुढच्या आवरणावर) ओरखडे असलेली. पहिलीची किंमत जवळजवळ दीडपट आहे. मला गाडी चालवायची आहे. कोणती घ्यावी, आणि पुढे कधी ती पुण्याला नेता येईल का?

जुनीयंत्रे

चालवायची असेल तर दुसरी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या ९०४ सीसी एअर-कूल्ड इंजिनात व्हॉल्व्ह (झडपा) स्प्रिंगच्या जोरावर मिटत नाहीत. उघडायला एक आणि मिटवायला दुसरा असे प्रत्येक व्हॉल्व्हला दोन रॉकर (छोट्या तरफा) असतात, आणि ते ज्या कॅमशाफ्टवर (उंचवटे असलेल्या फिरत्या दांड्यावर) चालतात ती रबरी टायमिंग बेल्टने फिरते. हा बेल्ट मैलांइतकाच वर्षांनीही म्हातारा होतो, म्हणूनच गाडी चालो वा न चालो, दर दोन वर्षांनी तो बदलण्याचा प्रघात आहे. वीस-बावीस वर्षे एकाच घडीत बसून राहिलेला बेल्ट पहिल्याच फेरीत तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि दिवाणखान्यातला दागिना एका क्षणात भंगारात निघतो. त्याखेरीज पेट्रोलच्या नळ्या, ब्रेकचे सील, टायर आणि बॅटरी हे सगळे नव्याने घालावे लागेल. मग ज्या अस्पर्शितपणाचे तुम्ही पैसे मोजलेत, तोच तुमच्या हाताने मोडेल. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, म्हणून या गाडीत कमी इथेनॉलचे सुपर पेट्रोलच घालावे. टाकी अवघी साडेआठ लिटरची आहे, त्यामुळे लांबच्या प्रवासात डोळे रस्त्यापेक्षा पंप शोधण्यातच जास्त गुंततील, हेही आधीच मान्य करून टाकावे.

पिवळीपाटी

वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. ही गाडी १ जानेवारी २००० च्या मध्यरात्री इंटरनेटवर १५,००० युरोंना विक्रीस खुली झाली आणि पहिला हप्ता अर्ध्या तासाच्या आसपास संपला. घेणाऱ्यांतले कित्येक जण चालवणारे नव्हतेच, साठवणारे होते. त्यामुळे कमी मैलांच्या गाड्या वाटतात तितक्या दुर्मीळ नाहीत. दुर्मीळ आहे ती मूळ सुट्या भागांची पूर्तता. दुसऱ्या गाडीचा मूळ एक्झॉस्ट विक्रेत्याकडे आहे का, हे विचारा. नसेल तर किंमत ठामपणे खाली आणा, कारण या गाडीचे सुटे भाग मिळवणे हा स्वतंत्र छंदच आहे. एमओटीचा (इंग्लंडमधल्या सक्तीच्या वार्षिक वाहन तपासणीचा) इतिहास सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य दिसतो, तेव्हा तिथले मैल पावत्यांशी ताडून पाहावेत.

सिंहगडपायथा (पुणे)

फक्त शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो. तयार होऊन तीन वर्षे उलटलेले वापरलेले वाहन सर्वसाधारण नियमानुसार भारतात आयात करता येत नाही, म्हणून पुण्याचा विचार सोडावा. शिवाय कोरड्या (तेलात न बुडालेल्या) क्लचची ती गाडी लक्ष्मी रोडच्या गर्दीत चालवणे म्हणजे क्लचचाही छळ आणि मनगटांचाही.

घाटवाट

सर्वांचे आभार. शनिवारी दुसरी गाडी पाहायला जात आहे. मूळ एक्झॉस्ट विक्रेत्याच्या माळ्यावर आहे असे त्याने कळवले आहे. तिथे गेल्यावर आधी काय तपासावे?

जुनीयंत्रे

इंजिन आधी तापवून ठेवू नका, असे त्याला आजच कळवा, आणि पोहोचल्यावर प्रथम सिलिंडरला हात लावून ते थंड आहे ना हे पाहा. सुरू केल्यावर क्लच दाबला की जी खडखड ऐकू येते ती या गाडीची रीतच आहे, तिला घाबरू नका. बेल्ट शेवटचा कधी बदलला, त्याची पावती मात्र मागून घ्या. तोंडी सांगितलेली तारीख धरू नका.