मिल्टन काउंटी पुन्हा वेगळी व्हावी का?

अल्फारेटाकर
अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अल्फारेटा, जॉन्स क्रीक, मिल्टन या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत, म्हणून हा विषय इथे काढतोय. आपण सगळे फुल्टन काउंटीत मोडतो, तिच्या उत्तर टोकाला (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा). प्रॉपर्टी टॅक्स फुल्टनला भरायचा आणि जूरी ड्यूटीचं बोलावणं आलं की जीए-४०० महामार्गाच्या गर्दीतून अटलांटा डाउनटाउनचं कोर्टहाऊस गाठायचं.

१८५७ पासून हा भाग स्वतंत्र मिल्टन काउंटी होता. कोर्टहाऊस इथेच, अल्फारेटात. महामंदीत तिजोरी रिकामी झाली आणि १९३२ मध्ये मिल्टन फुल्टनमध्ये विलीन झाली. दक्षिणेची कॅम्पबेल काउंटीही तेव्हाच आली. म्हणून आज फुल्टन इतकी लांबुळकी दिसते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शंभर किलोमीटरहून जास्त.

याच राज्यातल्या टॅलिफेरो काउंटीत २०२० च्या जनगणनेत १,५५९ माणसं होती. त्यांना स्वतःचा शेरीफ आहे, स्वतःचं कोर्टहाऊस आहे. एकट्या जॉन्स क्रीकमध्ये ८२ हजार लोक राहतात. आम्ही वेगळी काउंटी मागितली तर त्यात गैर काय?

कॉलेज पार्क
पूर्ण विरोध. मी दक्षिण फुल्टनमध्ये राहते आणि मूळची पालघरची आहे. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाला, कारण मोखाडा-जव्हारच्या माणसाला एका दाखल्यासाठी शंभरएक किलोमीटर ठाण्याला जावं लागे. तिथे दूरचा आणि गरीब भाग वेगळा झाला. इथे राज्यातला एक अतिशय सधन पट्टा बाहेर पडू पाहतोय, आणि जाताना कराचा पैसाही घेऊन जाणार. अटलांटातल्या ग्रेडी या सार्वजनिक हॉस्पिटलला फुल्टन आणि डीकॅल्ब काउंटी पैसा देतात. विमा नसलेला माणूस तिथेच जातो. त्याचं काय करणार, तेही सांगा.

जुना_वकील
कायद्याची बाजू सांगतो. जॉर्जियाच्या १९४५ च्या संविधानाने काउंटींची संख्या १५९ वर बांधली. शेवटची पीच काउंटी, १९२४ ची. मिल्टन परत आणायची तर संविधान दुरुस्ती हवी: दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं आणि नंतर राज्यभर मतदान. प्रस्ताव आले, पण तडीस गेले नाहीत. माझ्या मते ही अडचण योग्यच आहे. पूर्वी प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या मतदानात, मतं काउंटीवार ‘युनिट’मध्ये मोजत: प्रत्येक छोट्या काउंटीला २ युनिट आणि फुल्टनला फक्त ६ होती, म्हणजे तीन लहान काउंटी मिळून फुल्टनच्या लाखो मतदारांची बरोबरी करत. ते १९६३ मध्ये ‘ग्रे विरुद्ध सँडर्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोडलं. काउंटीच्या रेषा कोणाच्या हाती सत्ता देतात, हे या राज्याने भोगलेलं आहे.

अल्फारेटाकर
@जुना_वकील, मग ती १,५५९ लोकांची टॅलिफेरो काउंटी आधी विलीन करा! तिला कोणी हात लावत नाही. @कॉलेज पार्क, ग्रेडीसाठी करार करून पैसे देता येतील, त्याला माझी ना नाही. पण राईस स्ट्रीटवरच्या फुल्टनच्या तुरुंगाचं काय? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या न्याय विभागाने तिथली परिस्थिती घटनाबाह्य ठरवली. तो कारभार आमच्या करावर चालतो आणि आमचं तिथे कोणी ऐकत नाही.

कॉलेज पार्क
ऐकत नाही कसं? काउंटीचा कारभार पाहणाऱ्या सात सदस्यांच्या कमिशनवर उत्तरेचे प्रतिनिधी आहेत. आणि त्या तुरुंगात कोण मरतं, हेही बघा. आरोपी, बहुतेक अजून दोषी न ठरलेले. अल्फारेटात गंभीर गुन्ह्यात पकडलेल्या माणसाचा खटलाही याच काउंटीत चालतो. तुरुंग वाईट असेल तर तो सुधारणं आपल्या सगळ्यांचं काम आहे. रेषा ओढून त्याच्यापासून दूर होता येत नाही.

मिल्टनची_आई
एक गोष्ट कोणी बोलत नाही. २००६ मध्ये जॉन्स क्रीक आणि मिल्टन ही शहरं झाली त्यानंतर पोलीस, झोनिंग (कुठे काय बांधायचं ते ठरवणं) आपल्या हातात आलं. काउंटीकडे उरलं काय? कोर्ट, तुरुंग, निवडणूक, आरोग्य, करवसुली. म्हणजे वेगळं होऊन आपण नेमकं दुबळ्यांना लागणाऱ्या गोष्टींतूनच अंग काढून घेणार. मला ते मान्य नाही. कोर्टाच्या अंतराची तक्रार मात्र खरी आहे, तीवर भांडू या. काउंटीच्या उत्तरेकडच्या ॲनेक्समध्ये, म्हणजे शाखा कार्यालयात, कोर्टाची जास्त कामं चालावीत आणि जूरी तिथेही बसावी, एवढी मागणी कमिशनपुढे एकत्र जाऊन मांडली तर मी पहिली सही करेन.

अल्फारेटाकर
सही मीही करेन. वेगळ्या काउंटीची मागणी मात्र सोडत नाही.