नर्सिंगच्या थर्ड इयरने फर्स्ट इयरला वॉर्डात शिकवायचं का?

कृष्णाकाठ:
काल इथे एकांनी लिहिलं, ‘सांगली-मिरजेकडे ट्यूटर पुरत नाहीत, मग सीनियर मुलींनीच ज्युनियरना शिकवावं, तेच पीअर लर्निंग.’ साफ चूक. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे, ते मोडल्याला नवं नाव देऊ नका. सीनियरकडून हातोटी उतरते तसा शॉर्टकटही उतरतो. रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) घातली की हवा मारायची, पोटावर स्टेथो ठेवून गुडगुड ऐकायची आणि फीड सुरू! नळी अन्ननलिकेत किंवा फुप्फुसात असली तरी तो आवाज येतो. ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा त्याखाली आहे का ते बघायला हवं, शंका असली तर एक्स-रे. जे सीनियरलाच कुणी दाखवलं नाही ते ती पुढे काय दाखवणार?

विट्याचा ब्रदर:
तुम्ही धरलंय तेच चुकीचं टोक. एकाच वर्षाच्या दोघी, एक करते, दुसरी चेकलिस्ट धरते, पुढच्या पेशंटला अदलाबदल, हे पीअर लर्निंग. बीपी घ्या. मनगटाची नाडी बोटाला लागेनाशी झाली की त्याच्या ३० वर फुगवायचं आणि सेकंदाला २-३ मिलिमीटरने उतरवायचं. एकटी असली की मुलगी झडप मोकळी सोडते आणि १३०/८० लिहून मोकळी होते. दोघींनी न बोलता वेगवेगळ्या कागदावर आकडा लिहिला की ते तिथेच उघडं पडतं. आणि ट्यूटरला जे विचारायला जीभ रेटत नाही ते मैत्रिणीला विचारतात.

मिरजकर सिस्टर:
बीपी ठीक. इन्शुलिन? व्हायल (औषधाची बाटली) मिलीला ४० युनिटची, सिरिंज केशरी टोपीची म्हणजे १०० ची. २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर पेशंटला मिळाले ८ युनिट. उलट झालं, १०० चं इन्शुलिन लाल टोपीच्या म्हणजे ४० च्या सिरिंजमध्ये, तर २० च्या जागी ५०! दोघींनाही टोपीचा रंग माहीत नसेल तर दोघींनी तपासून काय उपयोग? जीव जाईल, ब्रदर.

विट्याचा ब्रदर:
इन्शुलिन जोडीवर सोडा असं मी कुठे म्हटलं? न वाचता अंगावर येऊ नका.

पांढरा एप्रन:
जोडी टिकते तरी कुठे? एक सॅम्पल घेऊन लॅबला, दुसरी स्ट्रेचरबरोबर एक्स-रेला. सकाळची पोस्टिंग अशीच संपते आणि लॉगबुक घरी भरलं जातं. आपल्या ऊसपट्ट्यात पावसाळ्यात सर्पदंश येतात, तेव्हा तरी मुलांना पेशंटपाशी राहू द्या. विषाने रक्त गोठणं थांबलंय का हे सांगणारी २० मिनिटांची चाचणी शिकायला याहून चांगली जागा नाही.

मिरजकर सिस्टर:
ती चाचणीच तर बिघडवतात. २ मिली ताजं रक्त, नवी कोरडी काचेची नळी, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच आडवी करायची. मुली पाच-पाच मिनिटांनी हलवून बघतात. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी असली तर चांगलं रक्तही गोठत नाही, आणि गरज नसताना दहा व्हायल एएसव्ही (सर्पविषावरचं औषध) लागतं.

विट्याचा ब्रदर:
म्हणूनच तिथे दोघी हव्यात. एकीने वेळ लिहून नळीपाशी थांबायचं, दुसरीने पेशंटपाशी. मण्यार चावली असेल तर रक्त छान गोठतं आणि पापण्या मात्र पडायला लागतात. नळीकडे बघत बसलेल्या एकटीला ते दिसणार नाही. एएसव्ही सुरू झाल्यावर पुरळ, थंडी, श्वास लागणं अशी रिअॅक्शन येते का हेही दुसरीनेच बघायचं, त्यावरचं अ‍ॅड्रिनॅलिन ट्रेमध्ये आहे ना तेही.

कृष्णाकाठ:
पापण्यांचा मुद्दा मान्य, नाइलाजाने. पण पुरळ दिसलं तर हाक कुणाला मारायची? वॉर्डात रजिस्टर्ड सिस्टर नाही आणि ट्यूटर कॉलेजात मीटिंगला, अशी जोडी मला नको. औषध, इन्शुलिन, रक्त, ट्यूबची जागा, या चारांवर शिक्षकाची नजर आणि सही. बाकी बीपी, टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बेडबाथ, प्रेशर पॉइंट (पडून राहून जखमा होतात त्या जागा) खुशाल जोडीने करा.

मिरजकर सिस्टर:
सलाइनचे थेंबही त्यात घाला. सेट मिलीला १५ थेंबांचा की २० चा हे पाकिटावर बघितल्याशिवाय मिनिटाचे थेंब काढतात. ५०० मिली आठ तासांत द्यायचं तर एकात १६, दुसऱ्यात २१.

पांढरा एप्रन:
घाला. आणि नव्या काचेच्या नळ्यांचं इंडेंट (मागणीपत्र) पाऊस सुरू व्हायच्या आधी कोण टाकणार तेही आताच ठरवा. दरवर्षी धुतलेल्याच नळ्या हातात येतात.