ओक आयलंडचा काथ्या : जाणकारांची मदत हवी आहे

मंडळी, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाजवळच्या ओक आयलंडवरच्या पुरलेल्या खजिन्यावरून आमच्याकडे रोज जुंपते. दोनशे वर्षांहून जास्त खणणं चाललंय, सहा जण जिवानिशी गेले, हाती काही नाही. तिथे खणताना मिळाला म्हणतात तो कोरीव अक्षरांचा दगडही गायब! मला तर सगळं ऐकीवच वाटतं. अडतं ते काथ्यापाशी. तिथल्या किनाऱ्यात नारळाचा काथ्या सापडला आणि कार्बन चाचणीत तो साधारण १२०० ते १४०० सालातला निघाला. तिथे माड कुठले? जहाजात मालाभोवती ठासायला काथ्या वापरत, हे मान्य. पण इतका जुना?

कोकणात काथ्याचं काम केलेलं कुणी आहे का इथे? नारळाची सोडणं (वरची सालं) खाऱ्या चिखलात कुजत घालतात, पण तयार धागा तसाच गाडला गेला तर किती टिकतो? आणि समुद्राच्या पाण्याने चाचणीतलं वय चुकू शकतं का?